थोडं काम केलंय

गाडीचं इंजिन बदललेलं आहे, ही गोष्ट त्या रविवारी सकाळी घरातल्या पाच माणसांपैकी चौघांना ठाऊक होती. पाचवा माणूस अंगणात उभा राहून पाहुण्याला गाडीची माहिती देत होता.

“चोपन्न वर्षं,” प्राचार्य म्हणाले. “चोपन्न वर्षांत या गाडीचा एक नट बदललेला नाही. आमच्या अप्पांनी बदलू दिला नाही. एक नट.”

थोरला मुलगा कॉलेजात प्राचार्य झाला तेव्हापासून घरातही प्राचार्यच झाला होता. कुठलीही गोष्ट ते दोनदा सांगत, एकदा पुढच्या बाकांसाठी आणि एकदा मागच्या. अप्पा गेल्याला दीड वर्ष झालं होतं आणि या दीड वर्षात प्राचार्यांच्या बोलण्यात अप्पा फार येऊ लागले होते. हयातीत दोघांचं दहा मिनिटं पटलं नाही. पण गेलेल्या माणसाचं एक बरं असतं, तो मध्येच “मी असं कधी म्हणालो?” असं विचारत नाही.

पाहुणे म्हणजे जुन्या गाड्यांच्या मंडळाचे परीक्षक. वाळका, कमी बोलणारा माणूस. खिशात टॉर्च आणि लांब दांडीचा एक बारका आरसा. गाडी मूळ स्वरूपात असल्याचा दाखला त्यांच्या सहीने मिळायचा. पंधरा दिवसांनी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि प्राचार्यांची पत्रकं आधीच छापून वाटून झाली होती. पत्रकावर अप्पांचा गाडीला टेकलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरांत : ‘मी बदलत नाही. माझी गाडीही नाही.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्यात चूक एकट्या प्राचार्यांची नव्हती. चूक होती घराच्या जुन्या वळणाची.

या घरात अवघड बातमी कुणी थेट सांगत नसे. ती काकांमार्फत जाई. अप्पांच्या तापट स्वभावामुळे ही सोय कधीतरी सुरू झाली आणि अप्पा गेल्यावरही चालू राहिली. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. नोकरी टपालखात्यात झाली. तिथे त्यांच्या हातून एक पाकीट गहाळ झालं नाही. घरातली मात्र एकही बातमी त्यांनी जशीच्या तशी पोचवली नव्हती. वाटेत त्यांना समोरच्या माणसाची दया येई, मग स्वतःची दया येई, आणि पोचेपर्यंत बातमीत इतकं पाणी पडे की ती गिळताना कुणाला ठसका लागत नसे.

प्राचार्य तीन महिने कसल्याशा अभ्यासवर्गाला बाहेरगावी होते. ते गुरुवारी परतले. मिस्त्रीने, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीने, काकांना स्पष्ट सांगितलं होतं : “दादाला सांगा, इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला. आईने करायला सांगितलं, मी केलं.” काका जिना चढून वर गेले. प्राचार्य बॅग उघडत होते, खुशीत होते, काकांसाठी त्यांनी स्वेटर आणला होता. स्वेटर हातात घेऊन काका म्हणाले, “पोरीनं गाडीचं थोडं काम केलंय हं.”

“पॉलिश?”

“हां... म्हणजे चकचकीत झालीय.”

आणि खाली येऊन त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, “सांगितलं. काही बोलला नाही.”

“काहीच नाही?”

“छान म्हणाला.”

मिस्त्रीला नवल वाटलं, पण नवल वाटून घ्यायला वेळ नव्हता. एक्झॉस्टचा पाइप अजून बसायचा होता.

आता अंगणात प्राचार्यांनी बोनेट उचललं. तोंड परीक्षकांकडे, पाठ इंजिनकडे, एक हात वर. “आणि हे,” ते म्हणाले, “हे अप्पांचं हृदय.”

परीक्षकांनी टॉर्च लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“हृदय अप्पांपेक्षा बरंच तरुण आहे,” ते म्हणाले.

प्राचार्य हसले. मग वळले. त्यांनी बोनेट पाडलं, पुन्हा उचलून आत बघितलं आणि पुन्हा पाडलं.

वरच्या गॅलरीतून सूनबाई हे बघत होती. प्राचार्यांची बायको दातांची डॉक्टर. तीन महिने खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चाललंय हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साखळीला टांगलेलं इंजिन काही रुमालाखाली लपत नाही. नवऱ्याला फोनवर सांगता आलं असतं. सांगितलं नाही, कारण नवरा अध्यक्ष झाला तर दर रविवारी मंडळाची सभा आपल्या दिवाणखान्यात भरणार हे तिला दिसत होतं. नवऱ्याचं वाईट व्हावं अशी तिची मुळीच इच्छा नव्हती. फक्त चांगलं थोडं कमी व्हावं एवढीच होती. ती चहाचा ट्रे घेऊन खाली निघाली.

“मिस्त्री!” प्राचार्य ओरडले.

मिस्त्री शेडमधून हात पुसत आली. वय सत्तेचाळीस, गावात स्वतःचं गॅरेज, दोन लेथ. “काय झालं? तुला माहीत आहे ना?”

“काय माहीत आहे?”

दोघांनीही काकांकडे बघितलं. काका स्वेटरचं बटण लावत होते. उन्हात.

“मी सांगितलं होतं,” काका म्हणाले. “थोडं काम केलंय म्हणून.”

“थोडं?” प्राचार्यांचा आवाज फाटला. “काका, अहो, याला थोडं म्हणतात?”

“नाहीतरी चारच बोल्टवर बसतं ते,” काका म्हणाले.

परीक्षक एव्हाना गाडीखाली शिरले होते. खालूनच त्यांचा आवाज आला. “इंजिन याच कंपनीचं, पण पंधरा-वीस वर्षं नंतरचं. गिअरबॉक्स भलत्याच गाडीचा. मध्ये ही जाड प्लेट कुणी करून दिली?”

“मीच केली. लेथवर,” मिस्त्री खाली वाकून म्हणाली. आवाजातला अभिमान तिने लपवायचा प्रयत्न केला, पण तो तेलाच्या डागासारखा वर आलाच. “दोघांची भोकं जुळत नव्हती. आणि गिअरचा दांडा सीटच्या खाली येत होता, म्हणून वरचं झाकण कापून तो वीतभर पुढे घेतला. आता मूळच्या भोकातूनच येतो. मागे जाणारा शाफ्ट चार बोटं आखूड केला. चॅसीला मात्र हात लावला नाही. एक भोक नवीन पाडलेलं नाही.”

“सुबक आहे,” परीक्षक म्हणाले.

“सुबक!” प्राचार्य किंचाळले. “उद्या कुणी माझ्या बापाचं डोकं काढून दुसऱ्याचं बसवलं, तर ते सुबक बसलंय की नाही ते बघायचं?”

“अप्पांच्या बाबतीत तो विचार आम्ही बरेचदा केला होता,” मिस्त्री म्हणाली.

सूनबाई ट्रे बोनेटवर ठेवणार होती, नवऱ्याचं तोंड बघून तिने तो पायरीवर ठेवला. “अहो, शांत व्हा. माझ्याकडे येणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांच्या तोंडात मूळचं काही उरलेलं नसतं. तरी ती खुशाल जेवतात.”

“तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“मी चहा आणलाय,” सूनबाई म्हणाली.

प्राचार्यांनी मग निकाल दिला, दोनदा. जुनं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत. ते आठ दिवसांत परत बसवायचे, परीक्षकांनी पुन्हा यायचं, दाखला द्यायचा आणि आज इथे काही घडलंच नाही असं सगळ्यांनी समजायचं. “आठ दिवस. फक्त आठ दिवस.” काकांनी लगेच मान हलवली, ज्या बाजूला आवाज मोठा, त्या बाजूला काका, हा अप्पांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. परीक्षकांनीही नियमात बसतं म्हणून सांगितलं. सूनबाईने विचार केला, निवडणुकीनंतर लगेच नवं इंजिन परत बसवता येईल का?

“नाही बसवायचं,” आई म्हणाली.

ती इतका वेळ दारातल्या खुर्चीवर बसून होती. शहात्तर वर्षांची बाई. कान तल्लख, डोळे ठीक, डाव्या पायाबद्दल घरात एकमत होतं की तो अधू आहे.

“आई, तुला यातलं कळत नाही,” प्राचार्य आवाज मऊ करून म्हणाले.

“गाडी मला चालवायचीय. मीच तिला सांगितलं, माझ्या पायाला झेपेल असा क्लच करून दे. जुन्याचा झेपत नव्हता. तुझ्या बापाच्या गाडीला मी चार वर्षं हात लावलाय, तुला ठाऊक नसेल. तुला दवाखान्यात कोण न्यायचं? मी. लायसन अजून आहे माझ्याकडे. दर खेपेला डॉक्टरांचा दाखला जोडून नवं करून घेते. फोटोत म्हातारी होत गेले, गाडी काही मिळाली नाही.”

“अगं पण तुझा पाय...”

“पाय हिच्या वेळेला गेला,” आईने मिस्त्रीकडे बोट केलं, सवयीने, जसं ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, पाहुण्यांसमोर करत आली होती. “शेवटचे दोन महिने पडून होते. उठले, गाडीत बसले, क्लच दाबायला गेले तर पाय चालेना. तुझे अप्पा म्हणाले, बाळंतपणात बायकांच्या पायातला जोर जातो. ही आली आणि माझं गाडी चालवणं गेलं.”

मिस्त्रीने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की लहानपणी तिला वाटे, आपल्या जन्मदाखल्यावरच ते लिहिलेलं आहे. आज मात्र तिला ते ऐकवेना. गेले दोन महिने तिला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती, काकांनासुद्धा नाही. इतरांच्या लपवाछपवीवर ती आयुष्यभर हसत आली होती. अळीमिळी गुपचिळी करताना आपणही याच घराण्यातले आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“आधी जुन्या इंजिनचा नंबर बघून घेतो,” परीक्षक म्हणाले. “नोंद पुस्तक द्या.”

मिस्त्री शेडच्या दारात आडवी उभी राहिली, मग बाजूला झाली.

प्राचार्यांनी नोंद पुस्तक प्लास्टिकच्या कव्हरातून काढून दिलं. सगळे शेडमध्ये गेले, आईही उठून आली, आणि ताडपत्री दूर झाली. नंबर अडचणीच्या जागी, मेणचट थराखाली. परीक्षकांनी चिंधीने पुसलं आणि दांडीचा आरसा आत घातला. सूनबाईला एकदम आपुलकी वाटली. असाच आरसा ती रोज वापरत होती. नंबर वाचणाऱ्या माणसाचा चेहराही तिला ओळखीचा वाटला. कीड दिसली की तिच्या तोंडावर अगदी तसाच भाव येई.

“हे पण मूळ नाही,” परीक्षक म्हणाले.

“शक्य नाही,” प्राचार्य म्हणाले. “शक्यच नाही.”

“पुस्तकातला नंबर वेगळा आहे. याच्या पुढे जे अक्षर आहे ते माल वाहणाऱ्या व्हॅनचं. त्याच काळातली, त्याच कंपनीची व्हॅन. ओढायला दांडगं, पळायला मठ्ठ. ही गाडी कधी जोरात गेली नसेल.”

प्राचार्यांनी ‘अप्पा आणि संयम’ या विषयावर कॉलेजात तीन व्याख्यानं दिली होती. अप्पांनी आयुष्यात कधी पन्नासच्या वर गाडी नेली नाही, हा त्या व्याख्यानांचा कळस असे. टाळ्या पडत. ते एका टायरवर बसले.

काका चहाचा कप ठेवायला पायरीकडे निघाले होते. आईने बाकी कुणाकडे बघितलं नाही, काकांकडेच बघितलं. “भाऊजी,” ती म्हणाली, “तुम्हाला ठाऊक होतं.”

“वहिनी, किती वर्षांची गोष्ट...”

“किती?”

काकांनी मिस्त्रीकडे बघितलं. “हिच्या वयाइतकी.”

आणि मग सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी एक बातमी पाणी न घालता सांगितली. बहुधा पाणीच संपलं होतं. अप्पांनी स्वतः गाडीचं ऑइल बदललं होतं. खालचा बूच आवळायला विसरले. दोघे भाऊ कुठेतरी निघाले होते. वाटेत ऑइल सगळं रस्त्यावर, आणि इंजिन जाम. गॅरेजवाल्याकडे एका फुटक्या व्हॅनचं इंजिन गिअरबॉक्ससकट तयार होतं. दोन दिवसांत बसवलं. “आमचा दादा म्हणाला, तिला नीट सांग. मी आलो होतो वहिनी सांगायला. तुम्ही पडून होतात. चेहरा पांढराफटक. माझा धीर झाला नाही.”

“काय सांगितलंत मला?”

काका पुटपुटले. “गाडीचं थोडं काम केलंय.”

सूनबाईला हसू आलं होतं, पण सासूकडे बघून तिने ते गिळलं.

“आणि क्लच?” आईने विचारलं. आता ती मिस्त्रीकडे बघत होती. “तू सगळं उघडलंस. क्लच कसला होता?”

“आई, मी तुला सांगणार होते.”

“कसला होता?”

“व्हॅनचा. टनभर माल ओढायचा. त्याच्या स्प्रिंगा दीडपट ताठ. मला दोन माणसांची ताकद लावावी लागली दाबून बघताना. पायाचा दोष नव्हता, आई. कधीच नव्हता. अप्पांना माहीत होतं की नव्हतं, ते मला कळेना. म्हणून बोलले नाही.”

“माहीत होतं,” काका म्हणाले. आज त्यांना थांबताच येत नव्हतं. “त्याचा स्वतःचा पाय दुखायचा पहिले सहा महिने. मी म्हणालो, बदलून घे. तर म्हणाला, राहू दे, नाहीतरी दोघांनी चालवली की गाडीची वाट लागते.”

परीक्षकांनी गप्प बसायला हवं होतं. पण कारागीर माणसाला दुसऱ्याची अडचण दिसली की तोंड आवरत नाही. “नुसत्या स्प्रिंगांचा प्रश्न होता तर... अर्ध्या दिवसाचं काम,” ते म्हणाले.

आईने ते ऐकलं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली, आणि जिच्यावर ओतावी अशी एकही जागा तिला सापडेना. नवरा भिंतीवर फोटोत. दीर रडवेला. अर्धा दिवस. तेवढा अर्धा दिवस मिळाला असता तर ती आजारी आईला भेटायला बसची वाट न बघता गेली असती. नोकरी दूरची होती म्हणून सोडली, ती सोडली नसती. हे सगळं तिला एका दमात दिसलं आणि ती रडली, मोठ्याने, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता.

प्राचार्य टायरवरून उठले. ते वाईट नव्हते. लहानपणी दर रविवारी त्यांनी त्याच बोनेटवर फडकं फिरवलं होतं आणि अप्पांची शाबासकी मिळते ती एवढ्याच कामाला, हे त्यांना सहाव्या वर्षी कळलं होतं. त्यांचंही आज काहीतरी मोडलं होतं. पण मोडलेलं लपवायची सवय सगळ्यात जुनी.

“आई, झालं ते झालं,” ते म्हणाले. “आता बाहेर याचा गवगवा नको. अप्पांची शोभा होईल. आपण सुधारित गाड्यांच्या गटात नाव घालू. परीक्षक, तो गट आहे ना? आणि काका, बाकीच्या नातेवाइकांना तुम्ही तुमच्या पद्धतीने...”

“कुणी कुणाला काही सांगायचं नाही,” आई म्हणाली. तिने डोळे पुसले. “किल्ली.”

“आई, आज नको. तुझं मन ठिकाणावर नाही.”

“पाय आहे. किल्ली दे.”

किल्ली प्राचार्यांच्या खिशात होती. त्यांनी बायकोकडे बघितलं. सूनबाईने शांतपणे त्यांच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि सासूच्या हातात ठेवली. या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली होती. कुणाची बाजू घ्यायची ते ठरवणं आज तिला पहिल्यांदाच सोपं गेलं.

आई गाडीत बसली. सीट पुढे सरकवली. डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. पाय सरळ खाली गेला, इतका सहज की ती दचकली. तिने तो पुन्हा वर घेतला, पुन्हा दाबला, असं पाच-सहा वेळा. मग दार उघडं ठेवूनच म्हणाली, “मिस्त्री, बस.”

मिस्त्री शेजारी बसली. “पाच गिअर आहेत. पाचवा उजवीकडे वर.”

“मला चार पुरे आहेत. पाचवा लागला की विचारीन.”

इंजिन सुरू झालं, हलकं, एकसारखं. फाटकातून निघताना गाडी एकदा आचका देऊन बंद पडली. प्राचार्य पुढे धावले. आईने काच वर केली. दुसऱ्यांदा गाडी निघाली ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि मोठ्या रस्त्याला लागली. आई दोन्ही हातांनी चाक धरून ताठ बसली होती.

“तुझ्यावर ढकललं मी,” मग ती म्हणाली. “सत्तेचाळीस वर्षं. चारचौघांत सांगत आले, हिच्यामुळे पाय गेला.”

“जाऊ दे गं.”

“जाऊ कसं दे? तू काय केलं होतंस? जन्माला आलीस.” तिने गिअर बदलला, जरा करकरला, मग बसला. “माफी मागते मी तुझी. पण इथे, काचा लावून मागितलेली माफी काय कामाची? सांगितलं चारचौघांत, तर चारचौघांतच खोडायला हवं. एकेकाच्या दारात जाऊन सांगायचं, पोरीचा काही दोष नव्हता, माझ्या नवऱ्याने खोटं सांगितलं.”

मिस्त्रीने खिडकीबाहेर बघितलं, कारण तिला आईकडे बघवेना. “किती घरं होतील, ठाऊक आहे का तुला?”

“पेट्रोल किती आहे?”

“टाकी भरलीय.”

“मग आधी तुझ्या आत्याकडे,” आई म्हणाली. “तिला मी दोनदा सांगितलंय.”